तळमजल्यावरची खोली

मुलुंडच्या हाडांच्या दवाखान्यात हेमांगी आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. शेजारी काठी धरलेल्या एक सासूबाई आणि त्यांची सून बोलत होत्या.

"ऋतिका, तुम्ही चौघं जाऊन या. मी घरी राहते."

"खोली पाच जणांची घेतलीय, आई."

"त्या पाळण्यांच्या पार्कात दिवसभर चालायचं. माझा गुडघा असा."

"आत व्हीलचेअर मिळते. आणि हॉटेल गेटसमोरच आहे. खोली तळमजल्यावर मागितली. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का, तेही विचारून घेतलं."

"पोरं पाळण्यात बसणार, की माझी खुर्ची ढकलणार?"

"पाळ्या लावल्यात त्यांनी. पहिला कोण यावरून भांडण झालं काल."

"आणि गुरुवारचा माझा उपास?"

"हॉटेलवाले साबुदाण्याची खिचडी करून देणारेत. दाण्याचा कूट बारीक करा म्हटलंय, तुमच्या दातांसाठी."

"एवढं सगळं कधी केलंस गं?"

"ऑफिसात, डबा खाता खाता."

सासूबाई सुनेकडे झुकल्या आणि मालवणीवर आल्या.

"त्या मोठ्या पाळण्याला वयाची अट असते काय गो?"

"नाही. उंचीची असते."

"मगे मी बसतलंय!"

"ठाऊक होतं मला. म्हणून तर आधी डॉक्टरांना विचारायला आणलंय."

हेमांगीचा नंबर पुकारला. ती उठली, दोन पावलं गेली आणि परत ऋतिकाजवळ आली.

"ताई, त्या हॉटेलचा फोन नंबर द्याल? आम्हीपण जातोय. आईला मावशीकडे ठेवून जाणार होते मी."