गोदी आज आली का?

माझं माहेर वडवणीजवळचं. निजामाचं राज, बाप दिवसभर मेंढरामागं, आई खुरपायला, आन मी गावभर उंडारायची. काय सांगू तुमाला, शेंबूड पुसता येत न्हवता पण ऐट अशी जणू तहसीलदारीण! सरकारी साळा वडवणीला, तिथं सगळं उर्दू. आमच्याकडं मारुतीच्या देवळात तात्या मास्तर मराठी शिकवायचे, लोकांनी दिलेल्या जवारीवर. पोरी कोण धाडतंय साळंत? पण मास्तरांची गोदी बिनआईची, पोरांत एकटी कशी बसंल, म्हणून त्यांनी माझ्या बापाला गळ घातली, चंद्रीला सोबत द्या. म्हंजे मी शिकायला न्हाई, सोबतीला गेलते. तरी गावात सांगत फिरायची, मास्तरचं माझ्यावाचून पान हालत न्हाई.

मग मानमोडीचा ताप आला. घरटी माणूस गेलं. गोदी बी गेली. साळा बंद पडली, परत भरली, तर तरटावर माझ्या शेजारची जागा तशीच मोकळी, कुणी सरकंना. आमच्याकडं गेलेल्या लेकराचं नाव घेत न्हाईत, नाव घेतलं की ते माघारी येतं म्हणतात. म्हणून घरात चूप, पारावर चूप, मास्तर बी हजेरी घेताना तिच्या नावापाशी आले की ते गाळून पुढं जायचे.

आन मला ती दिसायची. तिथंच, मांडी घालून, वेणीचं टोक चावत. भुताला पायतानानं हाणीन म्हणणारी मी, पहिल्याच दिवशी परकर भिजवून घरला पळाले. हसा, हसा, मी बी हसते. पण त्यानंतर माझी वाचाच बसली. एवढी वटवटी पोर, दगडावानी गप.

आई म्हणली, हिला धरलंय. देवऋषी आला, म्हणला, आवसंला इळा तापवून पाठीवर डाग द्या, पोर बोंबलंल तशी धरणारी सुटंल. बाप मास्तरांकडं गेला, म्हणला, मास्तर, तुमची लेक माझ्या लेकीला छळायली, आता डागल्याबिगर इलाज न्हाई. कसं म्हणवलं आसंल त्याला, आन कसं ऐकवलं आसंल त्यांना. मास्तर एवढंच म्हणले, आवसंपस्तोर पोर माझ्याकडं धाडा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पाट्या बाजूला ठेवायला लावल्या आन माझ्यापुढं खाली येऊन बसले. म्हणले, चंद्रे, गोदी आज आली का? नाव घेतलं तशी पोरं मागं सरकली. मी मान हलवली. कुठं बसलीय? मी बोट दाखवलं. काय करतीय? आन मी बोलले बघा, म्हणलं, वेणी चावतीया. मास्तरांनी तोंड फिरवलं, हसले का काय केलं, देव जाणे. म्हणले, त्यापायी मी लई रागवायचो तिला. मग पोरांकडं वळले, अजून कुणाला कोण दिसतं रे? पाटलाचा नाम्या सगळ्यात दांडगा, तोच आधी हंबरला, म्हणला, माझी आई चुलीपाशी दिसती. एक जण म्हणला, मला कुणीच दिसना, मी वाट बघतो. मास्तरांनी सांगितलं, आजपासून बाराखडीच्या आधी हे. भ्यालात तर सांगा, रडू आलं तर रडा, पोटात हाय तेच तोंडात आणा, आन दुसऱ्याचं ऐकताना हसायचं न्हाई.

आवसंला देवऋषी दारात, चूल पेटलेली. मी बापाच्या पायाला मिठी मारली, बा, मला डागू नगा, मला भ्या वाटतंय, आन गोदी लई चांगली हाय, ती काय बी करत न्हाई, नुसती बसती, आन असं किती तरी. बाप म्हणला, जा रे देवऋषीबुवा, हिला कोण धरतंय, ही सापडली तर भूतच पळून जाईल.

मास्तर रोज विचारायचे, गोदी आज आली का? मी सांगायची, आज हसत व्हती, आज डोकं खाजवत व्हती. तहानलेल्यावानी ऐकायचे. मग ती इरत इरत गेली, दिसायचीच थांबली. मास्तरांनी विचारलं, तर वाटलं, आली म्हणून सांगावं, थापा मारण्यात माझा हात कोण धरणार व्हतं! पण त्यांनीच शिकवलेलं. म्हणलं, न्हाई आली मास्तर. लई दिसात न्हाई आली. ते उठले, त्या मोकळ्या जागी येऊन बसले आन सगळ्या पोरांदेखत रडले. एक बी पोरगं हसलं न्हाई.

आता माझी पणती साळंतून भेदरून येती, नातसून म्हणती गप बस, मी म्हणते कावून गप, बोलू दे की लेकराला. गोदी मला परत कधी दिसली न्हाई. लई बोलावलं. भ्याले असते तरी चाललं असतं. आता तर तिचं तोंड बी आठवंना. वर गेले तर ती तेवढीशीच असंल आन मी ही अशी बोळकी. म्हणंल, कोण गं म्हातारे तू? मग काय सांगू?

जाऊ द्या. तुमची लेकरं वाट बघत आसतील, औक्षवंत होऊ द्या. त्यांच्यातलं कुणी म्हणलं, मला कोण तरी दिसतंय, तर डोळे वटारू नगा. जवळ बसा आन ऐकून घ्या.