संतूमास्तरांचा हात आन माझी पायपेटी

माझं मूळ होटगीचं. बाप रेल्वेत ग्यांगमन, आन आय माझी मी दुडदुड पळत हुते तवाच गेली. घरात बघनारं कोन न्हाय, पोरगी दिसभर रुळावर हिंडती, म्हनून बापानं मला सोलापुरात मिशनच्या पोरींच्या शाळेत घातलं, तितंच ऱ्हायाचं, तितंच खायाचं. तितल्या मडमेच्या बंगल्यात पियानू हुता. मी तो पुसायच्या निमतानं हात लावायची, तर एक दिस मडमेनं धरलं, आन मार देईल म्हनून मी डोळं मिटलं तर तिनं मला बाजूला बसवून शिकवायलाच घेतलं. ती सारकं एकच सांगायची, मार्था, गानाऱ्याच्या पुढं पळू नको, मागं रेंगाळू नको, त्याच्या संगं चाल. काय सांगू तुमाला, पुढं सगळी हयात मी तेवडंच केलं.

लगीन झालं, नवरा इंजनावर कोळसा टाकायचा, तो तापानं गेला. पदरात लेकरू न्हाय. मग आमच्या येशूच्या देवळाच्या पंचांनी देवळामागची खोली दिली, आन त्या बदल्यात दर रविवारी पायपेटी वाजवायची. पायानं भाता हानायचा आन हातानं सूर धरायचा, तीच माझी भाकर आन तेच माझं छप्पर.

देवळात गानारी मंडळी म्हंजे सगळी मिलची. भोंगा झाला की केसांत कापूस घिऊन तशीच यायची, बाया, बापे, एक नरसय्या म्हनून तेलगू विणकर, त्याचा आवाज असा खोल की माझ्या पेटीचं लाकूड थरथरायचं. ह्या समद्यांना चार सुरांत गायला लावनारे ते संतूमास्तर. मास्तर म्हनायचं आपलं, बाकी तेबी मागावरचेच. तिकडं मागाच्या खडखडाटात शेजारच्याचं सुदिक ऐकू येत न्हाय, म्हनून मानसं ओठांवरनं वळकतात आन बोटांच्या खुनांनी बोलतात. मास्तरांनी तेच गान्यात आनलं. वाचता कुनाला येतंय? पहिलं बोट वर केलं की बायांनी चढायचं, तळवा खाली दाबला की हळू, अंगठा छातीला लावला की नुसत्या बाप्यांनी. त्या हातावर चाळीस मानसं एका दमात श्वास घ्यायची आन एका दमात थांबायची. मंडळी म्हंजेच त्यांचा संसार. बायकू गेलेली, लेक कुंभारीला दिलेली, मग दुसरं काय हुतं त्यांना?

पन मागानं मास्तरांचे कान खाल्ले. आदी मला कळालं. पयले ते म्हनायचे, मार्थाबाई, सूर द्या. मग म्हनायचं सोडलं आन माझ्या तोंडाकडं बघाय लागले. मी सूर धरला की ओठांनी म्हनायची, झाला, आन ते हात उचलायचे. आमी दोगं ह्याच्यावर कदी बोललो न्हाय. मी रोज रातीला देवाला म्हनायची, बाबा, कुनाला कळू दिऊ नको.

कळालं की. आमच्या पंचांत पावलस जॉबर हुते. मिलमदी कुनाला काम लावायचं, कुनाला घरी बसवायचं, ते त्यांच्या तोंडात. त्यांचे जावई दाऊदराव पुण्यास्नं शिकून आलेले, पुस्तकात बघून सूर वाचायचे, तर जॉबरच्या मनात की जावयानं पुढं उभारावं. जॉबर स्वतः मागावर राबलेला मानूस, बहिरं मानूस तो लांबनं वळकायचा. आन खरं बोलू का, त्यांचं बी अगदीच खोटं न्हवतं, बहिऱ्यानं गानं चालवावं हे कुटं ऐकलंय? पन जी रीत त्यांनी काढली ती वैऱ्यानं बी काढू नये.

तालमीच्या आदी जॉबरनी मंडळीला मिलच्या दारात गाठून सांगिटलं, तिसऱ्या कडव्याला आवाज बंद करायचा, नुसते ओठ हलवायचे, पंचांना बहिरेपन दिसू दे. जो गाईल त्यानं उद्या दुसरीकडं काम शोधायचं. मला खोलीवर यिऊन म्हनले, बाई, तुमीबी भात्यावरनं पाय उचलायचा. म्या व्हय म्हनलं न्हाय आन न्हाय बी म्हनलं न्हाय.

तालीम सुरू झाली. पंच मागं ओळीनं बसलेले. पयलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला मास्तरांनी हात उचलला आन चाळीस तोंडं उघडली आन त्यातनं काय बी आलं न्हाय. म्या पाय उचलला न्हाय बरं का. मी भाता हानत ऱ्हायले, एकटी पेटी वाजत ऱ्हायली, पन त्याचा उपेग काय, त्यांना पेटी बी ऐकू येत न्हवती. मास्तर आपले हात फिरवतायत, तोंडावर हासू, मधीच नरसय्याकडं बोट करून त्याला खूनवलं, तोंड मोठं उघड. नरसय्यानं उघडलं आन त्याच्या डोळ्यांतनं पानी गळाय लागलं. ते बघून मास्तरांचा हात थांबला. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग बहिऱ्या मानसाचा असतो तसल्या मोट्या आवाजात म्हनले, कवापासनं? टोपी घेतली आन गेले. त्या दिशी मला पावलस जॉबरचा असा राग आला की देवळात बसून म्या त्यांना शाप दिला, मनातल्या मनात, पन दिला.

पंचांनी दाऊदरावांना नेमलं. नाताळ तोंडावर. म्या ठरवलं, पेटीला हात लावायचा न्हाय, खोली गेली तर गेली, होटगीला बापाकडं जाईन. बोचकं बांदलं तर मास्तर दारात उभे. त्यांना माझ्या ओठांवरनं समदं कळलं. म्हनले, बाई, तुमी उठला तर माझी मानसं उगडी पडतील, ते पोरगं पुस्तकातनं मान वर काढत न्हाय, तुमी पेटी सोडू नका. म्या म्हनलं, मास्तर, मला जमायचं न्हाय. तर मलाच दटावलं, जमायला काय झालं, बसा गुमान. बोचकं सोडलं.

नाताळाच्या सकाळी देऊळ गच्च भरलेलं, पाव्हनेरावळे, कलेक्टर कचेरीतले सायेब सुदिक. मास्तर शेवटच्या बाकड्यावर. दाऊदराव आमच्याकडं तोंड करून, लोकांकडं पाठ, पुस्तक उगडून. त्यांनी हात उचलला तो मंडळीला उमगंना. श्वास घ्यायचा का थांबायचं? बायांचा सूर फुटला, बाप्यांनी मागनं कसाबसा धरला. आता बुडलो म्हनून म्या मान वर केली, तर शेवटच्या बाकड्यावर मास्तरांचा हात मांडीवर, आन एक बोट वर. म्या बघितलं, नरसय्यानं बघितलं, बायांनी बघितलं. चाळीस जोडी डोळं दाऊदरावांच्या खांद्यावरनं मागं गेलं, आन दुसरं कडवं असं उचललं गेलं की अंगावर काटा आला.

दाऊदराव काय आंदळे न्हवते. तेनला कळलं, कुनी त्यांच्याकडं बघत न्हाय. त्यांनी मान वळवली. माझा पाय भात्यावर जड झाला. वाटलं, आता हे इतंच गानं थांबवनार, आन उद्या जॉबर चाळीस मानसांना घरी बसवनार. दाऊदरावांनी मास्तरांच्या मांडीवरल्या हाताकडं बघितलं. पुना आमच्याकडं तोंड केलं, पुस्तक मिटलं, आन आमच्या तोंडांकडं बघत बघत, आमी करतोय तसं, अर्दा श्वास मागनं, हात हलवाय लागले. गानं पार पडलं. सायबांनी दाऊदरावांचा हात हातात घिऊन शाबासकी दिली, जॉबरची छाती फुगली. मास्तरांनी लांबनं ओठांनी मला इचारलं, लागला का सूर? म्या म्हनलं, लागला. ते बाहेर जाऊन एकटेच पायरीवर बसले.

त्यानंतर दर रविवारी असंच चाललं. दाऊदराव पुढं, मास्तर शेवटच्या बाकड्यावर. दाऊदराव माझ्याशी कदी एक शबुद बोलले न्हाईत, जॉबरना बी कदी काय सांगिटलं न्हाय. म्या जॉबरना दिलेला शाप तवाच मागं घेतला, दाऊदरावांसाठी.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर कुंभारीला लेकीच्या दारात देवाघरी गेले. माती देऊन आलो. पुढल्या रविवारी उपासनेच्या आदी, देवळात अजून कोन आलं न्हवतं, दाऊदराव माझ्या पेटीपाशी येऊन उभारले. पुस्तक काखेत. इतक्या वर्षांत पयल्यांदा बोलले. म्हनले, मार्थाबाई, आता मी कुनाकडं बघू?

म्या म्हनलं, माझ्याकडं बघा की, दुसरं कोन हाय आता.

ते बघतात, मी मान हलवते, मंडळी गाते. संध्याकाळी भोंगा वाजला की अजून बी मानसं कापूस झाडत येतात, त्यातल्या दोगा-तिगांना मी आता दोनदा हाक मारते तवा कळतं. त्यांना बी मी काय बोलत न्हाय. तुमी बसा, इतका येळ ऐकलंत, चहा घ्या. तुमचं चांगलं हुईल, देव तुमचे कान शाबूत ठेवो.