सात पाहुण्यांचं लग्न

(विद्यापीठाच्या गणित विभागाबाहेरचा बाक. सकाळचे दहा. आई आणि मुलगी; दोघी पहिल्या वर्षाच्या एकाच वर्गात.)

अलीनाफे : आत गेल्यावर तू तोंड उघडायचं नाहीस. मी सांगते, तियामिकेची वही माझ्या खोलीवर राहिली होती, मी तिच्यातून उतरवलं. झालं.

तियामिके : आई, हळू. म्सिस्का सर आत आहेत.

अलीनाफे : सर फोनवर आहेत. त्यांच्या आईचा फोन आहे, इतक्यात सुटायचे नाहीत.

तियामिके : पण उतरवलं मी.

अलीनाफे : ते मला कळलंय. रविवारी मी मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत होते आणि तू खाटेवर माझी डिस्क्रीट गणिताची वही घेऊन बसलीस. मला वाटलं, पोरगी अभ्यास करतेय.

तियामिके : आधी वाचतच होते.

अलीनाफे : आणि मग शब्दन् शब्द. मक्याचे दाणेसुद्धा. अगं, दाणे तरी बदलायचेस. शेंगदाणे लिहायचेस.

तियामिके : हसवू नकोस मला.

अलीनाफे : हसण्यासारखं नाहीच आहे. हे बघ, मी चव्वेचाळीस वर्षांची. वर्गातली पोरं पाठीमागे मला आजी म्हणतात. बाईंनी मुलीचं बघून लिहिलं, याचं कुणाला नवल वाटणार नाही. शिस्त समितीने मला काढलं, तर बलाकाच्या शाळेत माझा पाचवीचा वर्ग आहे. खात्याने शिकायला रजा दिलीय, नोकरी काढून घेतलेली नाही. तुला काढलं तर तू कुठे जाशील?

तियामिके : आणि तुझी पदवी?

अलीनाफे : बावीस वर्षं तिच्यावाचून शिकवलंच ना.

तियामिके : गेल्या आठवड्यात म्हणालीस, इतकी मजा तुला जन्मात आली नव्हती.

अलीनाफे : म्हणाले असेन. ऊठ, बोलावतायत.

म्सिस्का : या, बाई. बस, तियामिके. थांबावं लागलं तुम्हाला, माफ करा. हे दोन कागद. प्रश्न चौथा. ‘समारंभात ज्यांनी विषम वेळा हात मिळवले, अशा माणसांची संख्या नेहमी सम असते, हे सिद्ध करा.’ एकशे चाळीस जणांचा वर्ग आहे. एकशे अडतीस जणांनी मी फळ्यावर लिहिलेली चिन्हंच परत लिहिली. तुम्ही दोघींनी मात्र, ‘दोन माणसांनी हात मिळवला की दोघांना मक्याचा एकेक दाणा द्या.’ पाच ओळी, अगदी सारख्या. शुद्धलेखनाची चूकही एकच.

अलीनाफे : सर, मी तिचं पाहून लिहिलं.

म्सिस्का : खरं सांगू, मलाही आधी तेच वाटलं. तियामिके जिल्ह्यात पहिली आलेली. तुझं काय म्हणणं, तियामिके?

अलीनाफे : ती घाबरलीय, सर.

म्सिस्का : घाबरण्यासारखं नाही विचारत. साधं उदाहरण घेऊ. छोटंसं लग्न आहे, सात पाहुणे. प्रत्येकाने बरोबर तिघांशी हात मिळवला. एकूण किती वेळा हात मिळवले गेले?

तियामिके : सात त्रिक एकवीस.

म्सिस्का : एकवीस वेळा?

तियामिके : नाही, एका वेळेला दोन माणसं लागतात. म्हणजे निम्मे. साडेदहा.

म्सिस्का : साडेदहा.

तियामिके : अकरा?

म्सिस्का : बरं, अकरा धरू. तर अकरा वेळा हात मिळवले गेले, आणि त्यावरून आपण...

अलीनाफे : धरू कसं, सर?

म्सिस्का : काय झालं, बाई?

अलीनाफे : काही नाही. चालू द्या.

म्सिस्का : तर अकरा. त्यावरून आपण पुढे...

अलीनाफे : असं लग्न होतच नाही, सर.

म्सिस्का : का होत नाही?

अलीनाफे : सात जणांचे तीन-तीन, एकवीस दाणे. पण दाणा कधी एकटा दिलेलाच नाही, दर खेपेला दोन दिलेत. मग बेरीज एकवीस येईल कुठून? कुणीतरी हात मिळवला आणि विसरला, नाहीतर तुमचा आकडा चुकला. अकरा धरून कसं भागेल? उद्या वर्गात लिहिलंत तर सगळी पोरं अकरा म्हणूनच वहीत घेतील आणि मग परीक्षेत...

म्सिस्का : बाई, बसा.

अलीनाफे : मी उभी कधी राहिले?

म्सिस्का : पाहून लिहिणारा माणूस अकरासाठी खुर्चीतून उठत नाही.

तियामिके : सर, मी उतरवलं. आईला माहीतसुद्धा नव्हतं, ती पाठ करून स्वयंपाक करत होती. तिची वही तिथेच होती. परवा तुमची चिठ्ठी आल्यावर मी तिला सांगितलं.

म्सिस्का : हं. बरं झालं, तू बोललीस. पहिल्या खेपेचा निर्णय माझ्याकडे असतो, समितीकडे दुसऱ्या खेपेला जातं. हा कोरा कागद घे. काय केलंस ते तुझ्या हाताने लिही आणि खाली सही कर. या स्वाध्यायाचे तुला शून्य.

तियामिके : एवढंच?

म्सिस्का : दोन आठवड्यांनी चाचणी आहे. तिथे कुणाची वही नसेल. मग म्हण एवढंच.

अलीनाफे : आणि माझे?

म्सिस्का : वीसपैकी अठरा.

अलीनाफे : दोन कुठे गेले?

म्सिस्का : विषम संख्या विषम वेळा मिळवल्या की बेरीज विषम येते, असं लिहिलंत. का येते ते लिहिलं नाहीत.

अलीनाफे : हो. ते राहिलंच. पण सर, मी तुमच्यासमोर धडधडीत खोटं बोलले.

म्सिस्का : बोललात. माझ्या नियमांच्या पुस्तकात त्याला कलम सापडत नाही. तुमच्या पाचवीत काय करता अशा वेळी?

अलीनाफे : दोन दिवस त्या मुलाशी बोलत नाही.

म्सिस्का : मग गुरुवारपर्यंत आपलं बोलणं बंद. गुरुवारी वर्गात ते दाणे तुम्ही फळ्यावर मांडा. राहिलेल्या ओळीसकट.

अलीनाफे : मांडते. सही केलीस ना? चल ग. दार ओढून घे.

तियामिके : आई, सावकाश. पायऱ्या ओल्या आहेत.

अलीनाफे : दिसतंय मला. त्या कट्ट्यावर बसू जरा.

तियामिके : मंदाझी आणू का? तिथे तळतायत गरम.

अलीनाफे : नको. बस.

तियामिके : तू गप्प का नाही राहिलीस? ठरलं होतं ना आपलं.

अलीनाफे : राहिले होते की. ते अकरा धरू म्हणाले.

तियामिके : मुद्दाम म्हणाले ते.

अलीनाफे : मुद्दाम? असेल. तरी अकरा चूकच.

तियामिके : रागावलीस?

अलीनाफे : हो.

तियामिके : उतरवलं म्हणून?

अलीनाफे : त्याचाही आहे. पण मी तिथे खोटं बोलत होते आणि तू बसून ऐकत होतीस, त्याचा जास्त आहे. माझंच ठरवलेलं, तरी आहे.

तियामिके : मला वाटलं, एक मिनिटात संपेल. मग तू उभी राहिलीस. वर्गात राहतेस तशी. आई, एक सांगायचंय. पहिल्या महिन्यात तू हात वर करून म्हणालीस, सर, परत एकदा सांगा. मागच्या बाकावरची पोरं हसली. मी त्यांच्यातच बसले होते. मीही हसले.

अलीनाफे : ऐकलं मी.

तियामिके : तुला कळलं होतं?

अलीनाफे : तुझं हसू मी ओळखणार नाही का?

तियामिके : मग वळून बघितलं का नाहीस? नंतर तरी बोलायचंस.

अलीनाफे : सर परत सांगत होते. ते ऐकायचं होतं मला.

तियामिके : मला तसं विचारता येत नाही ग. शाळेत उत्तर आलं की संपलं. इथे उत्तर प्रश्नातच लिहिलेलं असतं आणि म्हणतात, सिद्ध करा. काय करायचं असतं तेच मला कळत नाही. विचारलं तर म्हणतील, ही जिल्ह्यात पहिली आलीच कशी. तुझी वही वाचली तेव्हा सगळं सोपं वाटलं. वही मिटली की परत काही नाही.

अलीनाफे : पेन आहे तुझ्याकडे? माझं सरांच्या टेबलावर राहिलं.

तियामिके : आहे. दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीस ना आता?

अलीनाफे : दोन आठवड्यांवर चाचणी. त्यातले दोन दिवस कुठून काढू? नीट आठवून सांग, तुला कुठपासून कळेनासं झालं?

तियामिके : पहिल्या पानापासून.

अलीनाफे : बरं झालं. शोधत बसायला नको.