वाळूवरचे पिवळे पट्टे

(कोल्हापूर, २००९. शाहूपुरीतल्या घराचा सोपा. गुरुसिद्ध : फौंड्रीतून निवृत्त झालेले सुपरवायझर. निर्मला : त्यांची बायको. धैर्यशील : फौंड्रीच्या मालकांचा मुलगा, पुण्याहून एमबीए करून आलेला.)

गुरुसिद्ध : न्हाय म्हंजे न्हाय. छापायचं न्हाय. आज शेवटचं दोन शब्द लिहितो नि सगळा ब्लॉग पुसून टाकतो.

धैर्यशील : सर, प्लीज. कंपनीचा रौप्यमहोत्सव आहे. कामाच्या जागेतली सुधारणा म्हटलं की लोक तुमचा ब्लॉग वाचतात. आम्ही त्याचं फक्त पुस्तक करतोय.

निर्मला : इतकी वर्षं ह्यांच्या कपातला च्या त्या कॉम्प्युटरम्होरं गार झालेला मी बघतोय. काय सुधारलं, इचारा की.

गुरुसिद्ध : वाचकांचं इंग्रजी. आधी खाली 'नाइस सर' लिहायचे, आता 'व्हेरी नाइस सर' लिहितात.

धैर्यशील : पहिलं प्रकरण रांगोळीचं घेतोय, सर. आमचं सगळ्यांचं एकमत झालं.

गुरुसिद्ध : त्येच्यापायीच पुसतोय. अहो धैर्यशीलराव, थट्टा होती ती. तुमच्या वडलांनी सल्लागार आणला. गार गाडीतनं उतरला नि म्हणाला, जपानात कारखान्यात जमिनीवर पिवळे पट्टे असतात, हितंबी पायजेत. म्हटलं, साहेब, फौंड्री हाय, खाली वाळू हाय. वाळूवर रंग कसा बसंल? तर म्हणाला, पॉझिटिव्ह विचार करा. मग मी वैतागून बोललो, तानाबाईला सांगा, पिवळी रांगोळी घालंल. आणि तुमच्या वडलांनी खरंच घालायला लावली.

निर्मला : कोण, झाडलोट करती ती? गडमुडशिंगीची?

गुरुसिद्ध : तीच. भट्टीपासनं दारापर्यंत दोन रेघा, रोज. आता रांगोळीवर पाय कोण देणार? बाप्ये टुणटुण उड्या मारत कामाला जायचे. हातगाडीवाला रेघ आली की थांबायचा, नमस्कार करायचा नि मग चाक घालायचा. जसं घडलं तसं लिहिलं मी. खाली लिहिलं, 'अशा रीतीने जपान कोल्हापुरात अवतरले.' ह्यात कुणाला थट्टा दिसू नये?

धैर्यशील : पण ते फार इन्स्पायरिंग आहे, सर. एकदम लोकल सोल्युशन. कागलकडच्या एका कारखान्याने तर कॉपीही केलं.

गुरुसिद्ध : म्हाईत हाय. फोटो पाठवलाय मला. कडंला मोर काढलेत.

निर्मला : अय्यो, मोर?

गुरुसिद्ध : हस तू. ज्या सोंगाला जन्मभर हसलो, त्याच सोंगाचा गुरू करून ठेवलाय मला ह्या बैलांनी. आज स्पष्ट लिहितो. तुमची फौंड्री, तुमचा सल्लागार, ते पट्टे, सगळं थोतांड. तुम्हाला हसलो होतो, मूर्खांनो.

धैर्यशील : तसं लिहू नका, सर. तानाबाईंचं अवघड होईल.

गुरुसिद्ध : तिचा काय संबंध?

धैर्यशील : गेल्या वर्षी मंदीत पपांनी झाडलोटीच्या सगळ्या बायका कमी केल्या. तानाबाई तेवढ्या राहिल्या. त्या आता झाडलोटीत नाहीत, पट्ट्यांमुळे 'व्हिज्युअल मॅनेजमेंट'मध्ये आहेत. मीटिंगमध्ये मी तुमचाच लेख वाचून दाखवला होता. पपा म्हणाले, आपल्या गुरुसिद्धांनी लिहिलंय म्हणजे ती बाई पाहिजेच.

गुरुसिद्ध : आणि तुम्हाला थट्टा कळली असती तर?

धैर्यशील : थट्टा असती तर मी मीटिंगमध्ये कशाला वाचली असती, सर?

निर्मला : तिचं घर तिच्या एकटीवर हाय. तुमची हुशारी लोकांना कळावी म्हणून तिची चूल इझवताय व्हय? गप बसा.

गुरुसिद्ध : म्हंजे एवढ्या लिहिण्यातनं एका माणसाचं भलं झालं, तेबी ह्येंना काय कळलं न्हाय म्हणून.

निर्मला : झालं न्हवं? मग.

गुरुसिद्ध : छापा, धैर्यशीलराव. पुसत न्हाय. फक्त एक करा. कव्हरवर माझ्या नावाखाली लिहा, 'जपानी कार्यपद्धतीचे कोल्हापुरी महर्षी'. निदान तेवढी तरी थट्टा कुणाला कळू दे.

धैर्यशील : मुखपृष्ठ कालच छापून आलं, सर. 'महर्षी'च आहे.