पाव किलोचं गिऱ्हाईक

मी बंगळूरचीच, नगर्तपेटची. आमचे लोक कुठल्या पिढीत फौजेबरोबर इकडं आले ते आमच्या आज्जालासुद्धा माहीत नव्हतं. घरात मराठी, दाराबाहेर पाय ठेवला की कन्नड, आणि भांडण असलं तर दोन्ही. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कॉफी दळून द्यायचं दुकान. बिया भाजल्या की अख्ख्या गल्लीला वास, माझ्या परकरालाही तोच वास, शाळेत पोरी नाक लावून बघायच्या, मला तर भारी आवडायचं.

बी.कॉम. झाले आणि इन्फंट्री रोडला एका दलालाच्या ऑफिसात लागले. नव्वदीचे शेवटचे दिवस, कॉफीचा वायदा बाजार इकडं तेव्हा नवा नवा. वायदा म्हणजे काय सांगू तुम्हाला, पुढं कधीतरी द्यायची कॉफी आजच विकायची नि आजच घ्यायची, पोतं डोळ्यांनी बघायचंच नाही. अण्णा म्हणायचे, वास न घेता कॉफी घेतात, कसले गं हे लोक? माझं काम फळ्यावर. मधे भाव, शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक, डावीकडे त्या भावाला घेणारे, उजवीकडे विकणारे. फोन आला की लिहायचं, फोन आला की पुसायचं, हाताला खडू, साडीला खडू.

पण लिहून लिहून माणसं कळायला लागतात बघा. एखादा खालच्या पायरीवर ढीगभर पोती घेतो म्हणून मांडून ठेवणार, सगळे म्हणणार, अबब, केवढा घेणारा! भाव उतरत उतरत त्याच्या पायरीला टेकायला आला की लगेच त्याचा फोन, पुसा. त्याला घ्यायचंच नसतं हो, नुसतं दाखवायचं असतं. आणि एखादा पाच पोती घेतो, गप. ती मिळाली की आणखी पाच, मग आणखी पाच. त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही, पण खरा घेणारा तोच.

त्याच सुमारास मला जयनगरचं स्थळ आलं. मोठे लोक, गाडीतून आले, मुलाची आई म्हणाली, सोन्यानं मढवू, मुलीनं नोकरी सोडली म्हणजे झालं. अण्णा विरघळले. मला तर फळा सोडायच्या विचारानंच रडू यायचं, पण अण्णांपुढं बोलायचं कसं? शेवटी म्हटलं, सरी, बरं अण्णा, या रविवारीच साखरपुड्याला बोलवा त्यांना, बघू. अण्णांनी बोलावलं. तर मुलाच्या मामाची तब्येत बिघडली. पुढच्या रविवारी म्हटलं, तर पत्रिकेत काहीतरी निघालं. मी मनात म्हटलं, पुसा!

अण्णा फार खचले. माझं लक्ष मात्र दुसरीकडंच. संध्याकाळी मी दुकानात गल्ल्यावर बसायची, तेव्हाच एक गिऱ्हाईक यायचं. दत्ता, निपाणीकडचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कारखान्यात कामाला, एवढं अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलेलं. पाव किलो पूड, चिकोरी स्वल्प, एवढंच बोलायचा नि जायचा. दोन दिवसांनी परत पाव किलो. अण्णा म्हणायचे, केवढी कॉफी पितात यांच्या घरी! मी म्हटलं, अण्णा, निपाणीकडचे लोक चहा पितात. आणि इलेक्ट्रॉनिक सिटीपासून इथपर्यंत कॉफीची दुकानं काय ओस पडलीत?

तरी पारखून घ्यायला हवंच ना. पुढच्या खेपेला म्हटलं, पाव किलो मिळायचं बंद झालंय, घ्यायचं तर अख्खं पोतं घ्या. त्यानं भिंतीशी उभ्या पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, हाही पुसतो की काय. तर म्हणाला, ठेवा बाजूला, रिक्षा घेऊन येतो, पण आधी खोलीत जागा करायला पाहिजे, सगळ्या पुड्या तशाच पडल्यात, मी कॉफी पीत नाही.

अण्णा आतून हसत हसतच बाहेर आले, म्हणाले, बस बाबा, काय घेतोस? तो म्हणाला, चहा असला तर स्वल्प.

नोकरीचं मी त्याला तिथंच सांगून टाकलं, सोडणार नाही. तो म्हणाला, सोडायला कुणी सांगितलंय? पुढं फळा गेला, संगणक आला, शिडी तीच राहिली, आणि मीही राहिले. आमचे हे अजून चहाच पितात, आणि रोज संध्याकाळी मोगऱ्याचा वीतभर गजरा आणतात. वीतभरच, पण रोज. माझं आयुष्य फार सुखात गेलं हो, काय खोटं सांगू?

तुमचं अजून लग्न व्हायचंय ना? देव करो, तुमच्याही दारी असं पाव किलोचं गिऱ्हाईक येवो. आलं की वळून बघा मात्र.