पंचनामा होयेपर्यंत

मोटार कलंडल्यावर काय करावं, हे मले विचारा. माह्या मामानं नवी मोटार घेतली अन् मले बसवून अमरावतीहून निघाले. वलगावजवळ बैलगाडी चुकवता चुकवता आमी नालीत कलंडलो. मी कसाबसा बाहेर निघालो, पन मामाचं पोट स्टेरिंगमागं फसलं.

तेवढ्यात गावचा कोतवाल काठी घेऊन धावत आला. मी म्हटलं, “हात लाव, मामाले काढू.”

“हात नोका लावू! फौजदारसाहेब येऊन पंचनामा होयेपर्यंत जागचं काईच हालवाचं नाई.”

दुपारी त्यानंच घरून झुणका-भाकर आनली अन् मामाले तिथंच चारली.

फौजदार आले पार संध्याकाळी. आल्या आल्या विचारलं, “मयत कोण?”

मोटारीतून मामा गरजले, “हा कोतवाल! फक्त मले बाहेर काढा!”