इर्मेलिंदा परत आली का?

माराकाइबो शहरात पेट्रोलच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि एक म्हातारेबुवा आपापल्या गाडीला टेकून बोलत होते.

"काका, काल ती अंतराळयुद्धाची मालिका बघितलीत?"

"एकही भाग चुकवत नाही मी. जहाजांचं इंधन संपलंय, आता शत्रूच्या तळावरून पळवून आणायचंय."

"ती इर्मेलिंदा एकटीच आत घुसली आणि नेमकी आमची वीज गेली. पुढे काय झालं?"

"एवढी घायकुतीला का आलीस, पोरी?"

"आज बाबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. सकाळपासून त्यांचा एकच धोशा, ती परत आली का? पेट्रोल मिळालं की मी इस्पितळातच निघाले."

"आली की! जहाज पार होरपळलं, पण टाक्या काठोकाठ भरून आली."

"खरंच?"

"अगं, सेनापतीसुद्धा ढसाढसा रडला. जा, नंबर आला तुझा."

बाई पेट्रोल भरून गेली. मी म्हटलं, "बरं झालं, तुमच्याकडे तरी वीज होती."

"कुठली हो? तिच्याही आधी आमची गेली."

"मग ती इर्मेलिंदा परत आली की नाही?"

"आता आलीच पाहिजे," म्हातारेबुवा म्हणाले आणि गाडी पुढे ढकलू लागले.